बालाजी, आज सहाची घंटी वाजली नाही

बालाजी, तू जिंकलास!

ऐकून राहिलास का रे? सहा वर्षं ज्या एका गोष्टीवरून आपण भांडलो, चहा गार करून भांडलो, विद्यार्थ्यांसमोर भांडलो, तिचा आज सकाळी निकाल लागला आणि तो तुझ्या बाजूनं लागला. मी हरले. लेखी देते, सही-शिक्क्यासह देते, आणि वाचायला तू नाहीस, याचा इतका राग येतोय म्हणून सांगू! आणि आनंद म्हणशील तर सकाळपासून एका पायात माझी आणि एका पायात आईची चप्पल घालून स्टँडभर फिरले, ते आत्ता लक्षात आलं. तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तोवर नुसतं रडू यायचं.

परवा एकजण येऊन म्हणाले, मॅडम, पेपरात द्यायला बालाजीवर दोन शब्द लिहून द्या, मनमिळाऊ स्वभाव वगैरे. मनमिळाऊ! माझ्याशी एक दिवस तरी धड जमलं का तुझं? ते दोन शब्द दुसरं कुणी लिहील. मी आज सकाळचं सांगणार आहे. पण ते सांगायचं तर मागचंही सांगावं लागेल, कारण हे आणखी कुणीतरी वाचेल, आणि आपला जागल्या कोण हे त्यांना कुठून माहीत असणार? तुला सगळं माहीत आहे म्हणून मध्येमध्ये तोंड घालू नकोस.

तू पहिल्यांदा क्लासमध्ये आलास तो भांडतच. हिंगोली नुकतीच जिल्ह्याचं ठिकाण झाली होती. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. परभणी' खोडून 'जि. हिंगोली' रंगवायचं काम जोरात होतं, आणि मी स्टँडजवळ दोन खोल्यांत तीन कॉम्प्युटर मांडून बसले होते. पत्रकावर छापलं होतं, 'एका महिन्यात कॉम्प्युटर शिका'. तू तेव्हा सेनगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचास. ते पत्रक हातात घेऊन जीपमधून उतरलास आणि दारातूनच म्हणालास, "मॅडम, एका महिन्यात मेंढरं कातरायला येत न्हाईत नीट. कॉम्प्युटर कसा यील?"

"नसेल येत तर येऊ नका," मी म्हटलं. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावरच असायचा. तू म्हणायचास, अजून तिथंच हाय.

"येतो ना. पत्रक तेवढं दुरुस्त करा."

मी पत्रक दुरुस्त केलं नाही, तरी तू आलास. आणि सहा महिन्यांत मलाच शिकवायला लागलास. नांदेडहून आणलेल्या एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट सिस्टिमची, सीडी मिळाली होती. तू ती मशीनवर चढवायला बसायचास, निम्मं झालं की लाईट जायची, की पुन्हा पहिल्यापासून. असे चार दिवस. पाचव्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली तेव्हा तू धावत जाऊन पेढे आणलेस आणि पहिला पेढा माझ्या आईला दिलास. आई म्हणाली, "पास झालास का रे लेकरा?" मी तुला केव्हाच अरे-तुरे करायला लागले होते. तू मात्र 'मॅडम' आणि 'तुमी'च्या खाली कधी उतरला नाहीस. "तुमी एकदम येड्यावानी बोलून राहिल्या, मॅडम!" इतक्या आदरानं मला वेडी दुसऱ्या कुणी म्हटलं नाही.

मग आली रक्ताची लाईन. तेव्हा आपल्याकडं कुणाला रक्त लागलं की माणूस आधी नांदेडची गाडी बघायचा. तुला वाटलं, रक्त देणारी माणसं इथंही असतील की, फक्त कोण कुठं राहतो हे कळत नाही. कॉलेजात, चहाच्या टपऱ्यांवर, माझ्या क्लासमध्ये बसून आपण नावं गोळा केली. तुझा जुना मोबाईल वायरनं कॉम्प्युटरला जोडला. कुणीही त्या नंबरवर रक्तगट आणि गाव लिहून मेसेज करायचा, आणि जवळच्या तीन माणसांची नावं आणि फोन नंबर त्याला आपोआप परत जायचे. पहिला मेसेज बरोबर परत आला तेव्हा आपण दोघं खुर्च्यांवरून उठून नाचलो होतो. नाचलो म्हणजे मी नाचले, तू नुसताच हात वर करून उभा होतास.

हे सगळं करणारा प्रोग्राम पडद्यावर दिसायचा नाही. त्याला ना खिडकी, ना चित्र. मागं बसून तो नुसता वाट बघायचा, मेसेज आला की उत्तर द्यायचा, पुन्हा वाट बघायचा. अशा प्रोग्रामला इंग्रजीत 'डीमन' म्हणतात, म्हणजे भूतच की, असं मी पुस्तकात बघून सांगितलं. तू म्हणालास, "मंग ह्याला नारळ फोडावा लागंल." आणि खरंच फोडलास, मॉनिटरसमोर! कीबोर्डवर पाणी उडालं, त्याचं भांडण वेगळं.

दोन-तीन महिने झोकात गेले. आणि एका दुपारी हट्टा गावाहून एक माणूस आला. दारात चप्पल काढून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, परवा मेसेज केला हुता. तुमचं मशीन काही बोललंच न्हाई." त्याच्या बहिणीचं बाळंतपण होतं. उत्तर आलं नाही म्हणून ते तिला तसंच जीपमध्ये घालून नांदेडला घेऊन गेले. वेळेवर पोचले, बाई वाचली, बाळही वाचलं. तो तक्रार करायला आलाच नव्हता रे! तो आपलं नाव रक्त देणाऱ्यांच्या यादीत घालायला आला होता. "तुमच्याकडं त्या गटाचं कुणी नसंल, असं समजून आमी निघून गेलो," म्हणाला.

आपण मशीन बघितलं. लाईट जाऊन आली होती. कॉम्प्युटर आपला आपण चालू झाला होता, मोबाईल चार्ज होत होता, पडदा झगमगत होता. फक्त मागचं आपलं भूत उठलं नव्हतं. तीन दिवस! त्या तीन दिवसांत आणखी किती जणांनी मेसेज केले आणि निघून गेले असतील! तू त्या दिवशी डबा उघडलाच नाहीस. संध्याकाळी म्हणालास, "मॅडम, ह्याच्यावर जागलीला कुणीतरी ठेवावं लागंल."

आणि जागल्या जन्माला आला. शेतात पीक राखायला माणूस बसतो ना जागलीला, तसा एक छोटा प्रोग्राम. दर पाच मिनिटांनी उठायचं, मशीनवर चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी बघायची, त्यात रक्ताच्या प्रोग्रामचं नाव नसेल तर तो पडलाय असं समजायचं आणि त्याला उठवायचं. दहा-बारा ओळींचं काम. आठ दिवस जागल्या 'सगळं ठीक' सांगत राहिला आणि आपण हवेत. नवव्या दिवशी, परीक्षा म्हणून, तू रक्ताचा प्रोग्राम मुद्दाम पाडलास. पाच मिनिटं झाली. दहा झाली. जागल्या आपला 'सगळं ठीक'!

तुझ्या लक्षात आलं तेव्हा तू टेबलावर डोकं ठेवून इतका हसलास की शेजारच्या शिलाई मशीनवाल्या बाई बघायला आल्या. कारण यादीत नाव शोधणं हासुद्धा एक प्रोग्रामच, म्हणून तोही त्याच यादीत, आणि जे नाव शोधायचं ते त्याच्या हातात चिठ्ठीवर लिहिलेलं. म्हणजे यादीत तेच नाव पुन्हा! जागल्या जायचा, आपल्याच हातातली चिठ्ठी वाचायचा आणि 'आहे' म्हणून परत यायचा. "मॅडम, हे बेणं सोताकडंच बघून 'आहे, आहे' म्हणून राहिलं!" मी कपाळावर हात मारला. ती ओळ मी लिहिली होती, हे तू पुढं वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलंस.

ती चूक काढली, तर आणखी एक निघाली. मोबाईलची वायर जराशी सैल झाली की प्रोग्राम अडकून पडायचा. यादीत नाव असायचं, पण काम काही होत नसायचं. तुझं डोकं त्यात इतकं अडकलं की एका रविवारी तू मला जीपमध्ये बसवून सेनगावच्या पुढं तुझ्या आबांकडं घेऊन गेलास. खतासाठी कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली होती. आबा, म्हणजे तुझे वडील, घोंगडीवर बसून तंबाखू मळत होते. मी सवयीनं "जय भीम, आबा" म्हणाले. ते जरा थांबले आणि "रामराम, मॅडम" म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनीच आधी "जयभीम" केला, आठवतं?

"आबा, किती मेंढरं आहेत?" मी विचारलं.

"म्या मोजत न्हाई."

"मग एखादं हरवलं तर?"

आबांनी हनुवटीनंच दाखवलं. तीन-चार मेंढरांच्या गळ्यात घंट्या होत्या. "ती वाजून राहिली तवर म्या हितंच बसतो. थांबली, की उठतो."

"दिवसभर वाजतात, कान किटत नाहीत तुमचे?"

"वाजती ती कुठं ऐकू येती, मॅडम? थांबली की ऐकू येती."

तू माझ्याकडं बघत होतास. तुझा चेहरा असा झाला होता की आता हा नक्की जीपच्या टपावर चढून बसणार. आणि येताना खरंच जागा नव्हती म्हणून टपावरच बसलास, आणि वरून वाकून खिडकीतून मला ओरडून सांगत होतास, "मॅडम! आपण त्याला काहून इचारून राहिलो, हाय का न्हाई म्हणून? त्यानंच वाजवावी ना घंटी!" जीपमधले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

बस, तिथून सगळं पालटलं. रक्ताच्या प्रोग्रामनं आपलं एकेक काम झालं की एका फाईलीत वेळ टाकायची, ही त्याची घंटी. जागल्यानं फक्त ती वेळ बघायची. पाच मिनिटांहून जुनी झाली की कसलीही विचारपूस न करता त्याला पाडायचं आणि नव्यानं उठवायचं. चाललं! लाईट गेली, चाललं. वायर सैल झाली, चाललं. मी स्वतः वायर उपटून बघायचे, परत जोडायचे आणि घड्याळ लावून टाळ्या वाजवायचे. आईला वाटायचं ही भ्रमिष्ट झाली.

इथपर्यंत आपलं एकमत होतं. भांडण पुढं आहे.

तू म्हणालास, "मंग जागल्यावर जागल कोण करणार?" तुझं म्हणणं, जागल्यानंही रोज घंटी वाजवावी. रोज सकाळी सहाला एका जिवंत माणसाच्या मोबाईलवर मेसेज टाकावा, की मी जागा आहे. मला ते पटेना. सगळं ठीक असताना रोज उठून ठीक आहे, ठीक आहे, असं सांगायचं कशाला? चार दिवसांनी तो मेसेज कुणी वाचणार नाही. आग लागली की बोंब मारावी, नाहीतर गप बसावं, आणि काय काय घडलं ते एका फाईलीत बारीकसारीक लिहून ठेवावं, म्हणजे नंतर बघता येतं. तू त्या फाईलीला 'मॅडमची वही' म्हणायचास.

"ज्याच्या घराला आग लागली तो बोंब मारील, मॅडम. जो झोपीतच गेला, तो काय बोंब मारतो?"

"मग वहीत दिसेलच ना!"

"वही वाचायला तुमाला सांगंल कोण?"

सहा वर्षं हेच. तोडगा म्हणून सुरुवातीलाच दोन्ही ठेवलं. माझी वही आणि तुझी घंटी. मेसेज कुणाला जायचा ते नंबर लिहायला तू एक फाईल केलीस आणि तिचं नाव ठेवलंस 'कुणाला'. तिच्यात एकच ओळ, तुझा नंबर. मी म्हटलं, माझा टाकू नकोस, मला सकाळी सहाला झोप असते.

आणि तो मेसेज! इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द, 'जागा आहे'. जागल्या जागा आहे, म्हणून. तुझी रुक्मिण सातवी शिकलेली, एकेक अक्षर जुळवून तिनं तो वाचला आणि तिसऱ्या दिवशी घरात महाभारत! "ही कोण हाय, रोज सकाळी सहाला तुमच्यासाठी गाडीत जागा धरणारी?" तू हसायला लागलास तशी ती जास्तच पेटली. तुला तिला घेऊन क्लासमध्ये यावं लागलं. मी तिला मशीन दाखवलं, मोबाईल दाखवला, वायर दाखवली. तिनं सगळं नीट बघितलं, चहा घेतला आणि जाताना मला म्हणाली, "मशीन हाय हे बराबर हाय. पण बोलणं बाईवाणीच हाय." त्यानंतर तुमच्या घरी तो मेसेज आला की ती म्हणायची, "आली बगा तुमची जागावाली."

आता पुढचं लिहिते. तू आम्हाला काय शिकवलंस? की इचारलं तर सगळेच ठीक म्हणतात, म्हणून इचारू नका, घंटी ऐका. आणि तू काय केलंस? तू गेलास त्या आठवड्यात मी तीनदा फोन केला. "ठीक हाय, मॅडम. जरा कणकण हाय." तिन्ही वेळा हेच. आणि मी ऐकून घेतलं! मी माझ्या हातातली चिठ्ठी वाचली आणि 'आहे' म्हणून कामाला लागले. अरे, त्या सहा दिवसांत तू माझ्याशी एकदाही भांडला नव्हतास. मी फोनवर एक तारीख चुकीची सांगितली होती, ती तू दुरुस्त केली नाहीस. एवढी मोठी घंटी थांबली आणि मला ऐकू आली नाही, बालाजी. सातव्या दिवशी रुक्मिणचा फोन आला, दवाखान्यातून.

तू गेल्यावरही जागल्या रोज सहाला तुझ्या मोबाईलवर मेसेज टाकत होता. त्याला कोण सांगणार? मला वाटलं, रुक्मिणला रोज सकाळी काय होत असेल! दसवं झाल्यावर मी 'कुणाला' ती फाईल उघडली. एकच ओळ. ती पुसायची, बस. इतकी वर्षं मला तेच तर हवं होतं, रोजची कटकट बंद. बोट डिलीटच्या कळीवर ठेवलंसुद्धा. मग फाईल तशीच बंद केली आणि दुसऱ्या दिवशी सेनगावची जीप धरली. म्हटलं, तुझ्या घरच्यांनाच विचारून पुसू.

रुक्मिण म्हणाली, "फोन माझ्याकडं न्हाई, आबांकडं हाय. ते देत न्हाईत कुणाला."

आबा रानात होते. तुझा मोबाईल तंबाखूच्या बटव्याशेजारी गळ्यात अडकवलेला. मी सांगितलं, की सकाळी जो मेसेज येतो तो मशीनचा आहे, बालाजी गेलाय हे त्या मशीनला माहीत नाही, तुम्हाला तकलीफ होत असेल तर मी तो आजच बंद करते.

आबांनी मान हलवली. "काहून बंद करता? मला वाचता येत न्हाई, मॅडम. टुंग वाजतं तेवढं कळतं. बालाजीनं मला सांगितलं हुतं, हे वाजलं म्हंजी रक्ताचं मशीन चालू हाय. ऱ्हाऊ द्या." आणि तंबाखूची चंची उघडून दुसरीकडंच बघायला लागले. मी परत आले. ती ओळ राहिली.

आता आजची सकाळ. सव्वासहाला माझा फोन वाजला. तुझा नंबर! पडद्यावर 'बालाजी'! मी उचलला. पलीकडून मेंढरांचा आवाज, आणि आबा.

"मॅडम, आज घंटी वाजली न्हाई."

"रेंज नसेल, आबा."

"रेंज हाय की. म्हनून तर बालाजीनं दावल्याली कळ दाबली अन् फोन लागला. म्या सहापासून हातात घेऊन बसलो. वाजली न्हाई. बालाजीचं मशीन पडलं बगा."

मी पळाले, रे! तोंड न धुता, आईची एक चप्पल घालून पळाले. कुलूप उघडलं. पडदा झगमगतोय, मोबाईल चार्ज होतोय, सगळं कसं छान. आणि मागं दोघंही पडलेले, रक्ताचा प्रोग्रामही आणि जागल्याही! काल संध्याकाळपासून. कारण काय असेल, सांग. नाही, तू सांगूच नकोस, तुझं ते हसू मला आत्ता इथं बसून ऐकू येतंय. माझी वही! सहा वर्षं बारीकसारीक लिहून लिहून ती इतकी फुगली की डिस्कवर एका अक्षराचीही जागा राहिली नाही. प्रोग्रामला घंटीची वेळ लिहायला जागा नाही. जागल्याला त्याला उठवायला जागा नाही. आणि तो पडला हे कुठं लिहिलं असतं? वहीतच! आणि वहीतही जागा नाही!

माझ्या वहीनं तुझ्या जागल्याला मारलं, आणि तुझी घंटी न वाजल्यामुळं ते कळलं. ज्याला अक्षर वाचता येत नाही अशा एका माणसाला कळलं. मी ती ओळ त्या दिवशी पुसली असती तर? मेसेज आला नाही म्हणून कुणाला काय फरक पडणार होता? आणखी तीन दिवस, आठ दिवस, पुन्हा कुणीतरी हट्ट्याहून येऊन दारात चप्पल काढून उभं राहीपर्यंत.

वही पुसली. रडत पुसली आणि हसत पुसली. दोघांना उठवलं. मोबाईलमध्ये चार मेसेज अडकून बसले होते, ते पटापट वाचले गेले आणि उत्तरं गेली. एक वारंगा फाट्यावरून होता, पहाटेचा. मी त्या नंबरवर स्वतः फोन लावला. म्हटलं, दादा, उशीर झाला, माफ करा, नावं आत्ता पाठवलीत. तो म्हणाला, आम्ही अजून फाट्यावरच आहोत, आईला घेऊन गाडीची वाट बघतोय. साडेदहाला त्याचाच फोन आला, की दवाखान्यात माणूस भेटला, मोटारसायकलवर आला, रक्त दिलं, आता चहा पिऊन राहिला. मी "जय भीम, जय भीम" असं त्याला दोनदा म्हणाले. तो कोण, काय, मला माहीत नाही. तोही "जयभीम, मॅडम" म्हणाला.

बालाजी, हे सगळं सांगायला मी फोन उचलला होता. तुझा नंबर लावलासुद्धा. रिंग गेली तेव्हा आठवलं, की आता तो आबा उचलतात.

उचललाच आहे तर म्हटलं सांगावं. मशीन उठलं, आबा. एका बाईला रक्त मिळालं. तुमच्यामुळं. आबा नुसतं "व्हय, व्हय" करत होते. मग मी त्यांना सांगितलं, की आता मेसेज माझ्या मोबाईलवरही येईल. 'कुणाला'मध्ये तुझ्या ओळीखाली मी माझा नंबर घातलाय, झोप गेली तर गेली. वही दर रविवारी आपली आपण रिकामी होईल अशी सोय केलीय. आणि तपासून बघायला म्हणून मी तिथल्या तिथं जागल्याकडून एक घंटी वाजवून घेतली. माझ्या टेबलावर टुंग झालं, आणि फोनमधून पलीकडं, रानात, टुंग झालेलं मला ऐकू आलं.

"वाजली," आबा म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, रोज वाजतं, पर मला कधी कुणी सांगितलं न्हाई. ह्यात लिवलेलं काय असतं?"

मी मेसेज उघडला. इतकी वर्षं ज्याला कटकट म्हटलं तो मी पहिल्यांदा माझ्या हातात बघत होते.

"जागा आहे," मी वाचून दाखवलं.

पलीकडं मेंढरांच्या घंट्या वाजत होत्या. मग आबांनी हळूच विचारलं, "कुणाला?"

"बालाजीला, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या ती."